छोट्या व्यवसायातील ग्राहकनोंदींचे सॉफ्टवेअर-स्थलांतर : सेनगाव तालुक्यातील कृषी सेवा केंद्रांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

संगणक आणि मोबाईल यांच्या प्रसारामुळे ग्रामीण व्यापाराच्या नोंदपद्धतीत गेल्या दोन दशकांत मोठे परिवर्तन घडून आले आहे. वहीची जागा संगणकाने घेतली आणि एका सॉफ्टवेअरची जागा दुसरे सॉफ्टवेअर घेऊ लागले. या दुसऱ्या स्थित्यंतराकडे अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी गेले आहे. वहीकडून संगणकाकडे जाणे ही 'प्रगती' म्हणून गौरविली जाते. परंतु एक संपर्क-व्यवस्थापन सॉफ्टवेअर सोडून दुसरे स्वीकारणे ही केवळ तांत्रिक बाब समजली जाते. जुनी यादी काढावी, रकाने जुळवावेत आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये भरावी, एवढ्या तीन वाक्यांत या विषयावरील प्रचलित मार्गदर्शन संपते. हे मार्गदर्शन अपुरे का आहे, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्यासाठी विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुका हा संदर्भ म्हणून घेतला आहे.

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. सेनगाव हा त्याच्या पाच तालुक्यांपैकी एक होय. सोयाबीन, तूर, हरभरा, कापूस आणि हळद या पिकांवर येथील अर्थव्यवहार उभा आहे. तालुक्याची हद्द वाशीम जिल्ह्यातील रिसोड आणि परभणी जिल्ह्यातील जिंतूर या तालुक्यांना भिडते. त्यामुळे येथील बी-बियाणे व खतांच्या दुकानाचा ग्राहक एका तालुक्यापुरता किंवा एका जिल्ह्यापुरता मर्यादित राहत नाही. मृगाच्या तोंडावर माल उधारीवर न्यायचा आणि सुगी झाल्यावर हिशेब चुकता करायचा, ही या व्यवहाराची रीत आहे. अशा व्यवहारात ग्राहकाची नोंद हेच दुकानदाराचे खरे भांडवल ठरते.

वही : ग्राहकनोंदीचे मूळ रूप :

रोजकीर्द आणि खतावणी यांना केवळ हिशेबाची साधने मानणे योग्य नाही. खतावणीतील एका पानावर शेतकऱ्याचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, गाव आणि बाकी असे. त्याखेरीज तो कोणाच्या ओळखीने आला, त्याच्या वतीने माल कोण नेतो, मागच्या साली त्याची अडचण काय होती, याचेही संकेत समासात असत. दिवाळीला वहीपूजन करून नवी वही सुरू होई, तेव्हा मागील बाकी नव्या पानावर ओढली जाई. हेही एक प्रकारचे स्थलांतरच होते. फरक इतकाच, की बाकी ओढणारा हात त्या माणसाला ओळखत होता.

मात्र वहीचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले, तो दख्खनच्या दंग्यांचा आरंभ होता. लिखित नोंद एकाच पक्षाच्या ताब्यात असली, की दुसऱ्या पक्षाला ती मान्यही करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही, हे त्या प्रक्षोभामागील एक महत्त्वाचे कारण होते. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यात शेतकऱ्याला पावती, हिशेबाचा उतारा आणि पासबुक मिळण्याची तरतूद करण्यात आली, ती याच अनुभवातून. सेनगावचा परिसर त्या काळी निजामाच्या राज्यात असल्याने हा कायदा येथे लागू नव्हता. तथापि नोंदीची प्रत दोन्ही पक्षांकडे असली पाहिजे, हे त्यातील तत्त्व आजही मोलाचे आहे. उधारीची नोंद होताच ग्राहकाला संदेश पाठविणारी आजची मोबाईल ॲप्स या एका बाबतीत वहीपेक्षा निश्चितच सरस आहेत, हे मान्य करावे लागेल.

सॉफ्टवेअरने गृहीत धरलेला ग्राहक :

प्रत्येक सॉफ्टवेअर ग्राहकाची एक प्रतिमा गृहीत धरते. अमेरिकेत १९८७ मध्ये बाजारात आलेले 'ॲक्ट' हे सॉफ्टवेअर फिरत्या विक्रेत्याची गरज डोळ्यांसमोर ठेवून घडविले गेले. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या सेल्सफोर्सने हीच कल्पना इंटरनेटवर नेली आणि २००५ मध्ये झोहोनेही आपले सीआरएम आणले. या परंपरेतील परिभाषा 'लीड', 'डील', 'पाइपलाइन' अशी आहे. अनोळखी माणसाला गाठून त्याचे ग्राहकात रूपांतर करणे, ही तिच्यामागील धारणा होय.

सेनगावसारख्या ठिकाणी दुकानदाराची अडचण नेमकी उलट स्वरूपाची असते. त्याचा ग्राहक बहुधा पिढीजात असतो. त्याला गाठावे लागत नाही, सांभाळावे लागते. येथे विक्रीपेक्षा वसुली अवघड असते आणि वसुलीचे वेळापत्रक पाऊसकाळ ठरवितो. 'पुढील संपर्काची तारीख' या रकान्यात निश्चित दिनांक लागतो. 'सोयाबीन निघाल्यावर' असे उत्तर त्यात बसत नाही. परिणामी दुकानदार एक तर खोटी तारीख टाकतो किंवा रकाना रिकामा ठेवतो. दोन्ही प्रसंगी सॉफ्टवेअर बदलताना पुढे जाते ती सदोष माहिती.

स्थलांतरात काय गळते :

पहिला प्रश्न ओळखीचा आहे. बहुतेक नवी सॉफ्टवेअर मोबाईल क्रमांक हीच ग्राहकाची ओळख मानतात. परंतु एका घरात वडील आणि दोन मुले यांची खाती स्वतंत्र असून क्रमांक एकच असू शकतो. 'दुहेरी नोंदी एकत्र करा' हे बटण दाबताच तीन खात्यांचे एक खाते होते आणि वाटणी झालेल्या भावांची उधारी पुन्हा एकत्र येते. उलटपक्षी, २०१६ नंतर स्वस्त सेवेमुळे दुसरे सिमकार्ड घेण्याचे प्रमाण वाढले, तर २०१८ च्या अखेरीस किमान रिचार्जची अट आल्यावर जुने क्रमांक सोडून दिले गेले. बंद झालेला क्रमांक ठरावीक मुदतीनंतर दुसऱ्या व्यक्तीला दिला जातो. जुनी यादी जशीच्या तशी नव्या सॉफ्टवेअरमध्ये भरली आणि थकबाकीचे स्मरणपत्र आपोआप गेले, तर ते परक्या माणसाच्या हाती पडते. ज्या समाजात उधारी ही अब्रूशी जोडलेली असते, तेथे या चुकीचे मोल पैशांत मोजता येत नाही.

दुसरा प्रश्न नावाचा आहे. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी याच जिल्ह्यात आहे. नामदेव, ज्ञानेश्वर, तुकाराम ही नावे या परिसरात घरोघर आढळतात. एकाच गावात एकाच नाव-आडनावाचे दोन शेतकरी असणे ही सामान्य गोष्ट आहे. त्यांना वेगळे करणारे वडिलांचे नाव पाश्चात्त्य धाटणीच्या सॉफ्टवेअरमध्ये 'मधले नाव' ठरते आणि स्थलांतरात अनेकदा वगळले जाते. केंद्रा बुद्रुक यासारख्या गावनावातील 'बुद्रुक' गळाले, तर पत्ता संदिग्ध होतो. रोमन लिपीत 'वाघ' हे आडनाव एक जण 'डब्ल्यू'ने तर दुसरा 'व्ही'ने लिहितो. संगणकाच्या लेखी ती दोन आडनावे असतात.

तिसरा प्रश्न लिपीचा व आकड्यांचा आहे. युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश १९९१ पासून असला, तरी कार्यालये व दुकाने यांत पुढे अनेक वर्षे युनिकोडबाह्य फाँट वापरले गेले. अशा फाँटमधील नोंदी रूपांतर न करता नेल्यास नावांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात. युनिकोडमधील सीएसव्ही फाईलदेखील एक्सेलमध्ये थेट उघडल्यास हाच प्रकार घडू शकतो. देशाच्या ९१ या क्रमांकासह मोबाईल क्रमांक बारा अंकी होतो. एक्सेल तो घातांकाच्या रूपात दाखविते आणि फाईल तशीच जतन केल्यास शेवटचे अंक कायमचे नष्ट होतात. ०५/०६ ही तारीख पाच जूनची की सहा मेची, हा गोंधळही नेहमीचाच. मृगापूर्वीची उधारी आणि मृगानंतरची उधारी यांतील भेद ज्या व्यवहारात महत्त्वाचा असतो, तेथे ही चूक क्षुल्लक ठरत नाही.

पुराव्याचा प्रश्न :

बियाणे (नियंत्रण) आदेश, १९८३ नुसार विक्रेत्याने ग्राहकाला रोख किंवा उधारीची पावती देणे बंधनकारक आहे. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीनचे बियाणे न उगवल्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर आल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांची स्वतःहून दखल घेतली. अशा प्रसंगी कोणत्या शेतकऱ्याने कोणत्या लॉटचे बियाणे नेले, हा कळीचा प्रश्न असतो. शेतकऱ्याकडील पावती हरवलेली असेल, तर दुकानातील नोंद हाच त्याचा आधार राहतो. सॉफ्टवेअर बदलताना केवळ 'नाव, क्रमांक, बाकी' एवढेच नेले आणि व्यवहारांचा तपशील मागे राहिला, तर दुकानदाराची बाकी सुरक्षित राहते. शेतकऱ्याचा पुरावा मात्र नाहीसा होतो. स्थलांतराचा खर्च नेहमी दुकानदाराच्या बाजूने मोजला जातो, ही प्रचलित विचारातील मोठी त्रुटी होय.

दुकानदारही पूर्णतः सुरक्षित नसतो. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जतन करावी लागतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातील कलम २८ प्रमाणे हिशेबवहीतील नोंद एकटी कोणावर दायित्व लादण्यास पुरेशी ठरत नाही आणि कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र आवश्यक असते. जुन्या नोंदींवर मूळ दिनांकाऐवजी आयातीचा दिनांक पडला, तर अशा नोंदीचे बळ आणखी कमी होते.

माहितीची मालकी आणि कायदा :

सॉफ्टवेअर सोडताना माहिती परत मिळेल काय, हा प्रश्न शेवटी सत्तेचा आहे. २०१९ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयकात व्यक्तीला आपली माहिती एका सेवेकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क होता. २०२३ च्या कायद्यात तो राहिला नाही. शिवाय हा हक्क व्यक्तीचा होता, व्यवसायाचा नव्हे. युरोपीय संघात १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या डेटा कायद्याने क्लाउड सेवा बदलू इच्छिणाऱ्या व्यवसायांना संरक्षण दिले आहे. भारतातील छोट्या दुकानदाराला मात्र न वाचताच मान्य केलेल्या करारावरच विसंबावे लागते. सुप्याच्या शेतकऱ्याची नोंद सावकाराच्या पेटीत होती. आज दुकानदार आणि शेतकरी या दोघांचीही नोंद तिसऱ्याच्या सर्व्हरवर आहे.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. ग्राहकनोंदींच्या स्थलांतरात आकडे सहसा टिकतात. ज्या ज्ञानाला रकाना नव्हता ते गळते. म्हणून समासातील शेरे, वडिलांचे नाव आणि पूर्ण गावनाव यांसाठी रकाने आधी निश्चित करावेत व मगच माहिती भरावी.

२. सॉफ्टवेअर निवडताना त्यात काय काय करता येते यापेक्षा ते सोडताना व्यवहारांच्या तपशिलासह माहिती बाहेर काढता येते काय, हे प्रथम तपासावे.

३. स्थलांतर रब्बीची वसुली आटोपल्यानंतर आणि मृगापूर्वी करावे. त्यानंतरच्या एका सुगीपर्यंत दोन्ही सॉफ्टवेअर समांतर चालवावीत आणि स्वयंचलित स्मरणपत्रे तोवर बंद ठेवावीत.

४. बाकी पुढे नेल्यावर प्रत्येक खातेदाराला तिचा छापील उतारा देऊन त्याची संमती घ्यावी. १८७९ च्या कायद्यातील पासबुकाचे तत्त्व येथे उपयुक्त ठरते.

५. वाणिज्य आणि संगणकशास्त्र या विभागांना या कामी संयुक्त भूमिका बजावता येईल. परिसरातील दुकानांच्या नोंदी युनिकोडमध्ये आणण्याचे काम विद्यार्थ्यांच्या प्रकल्पकार्यात समाविष्ट केल्यास अभ्यासक्रम आणि बाजारपेठ यांतील अंतर कमी होईल; मात्र ग्राहकांच्या गोपनीयतेची लेखी हमी ही त्याची पूर्वअट असावी.

नवी वही सुरू करताना मागची बाकी ओढणाऱ्या हाताला जी जबाबदारी कळत होती, ती सॉफ्टवेअरच्या आयात-बटणाला कळत नाही. ती जबाबदारी दुकानदाराने पुन्हा आपल्याकडे घेतल्याशिवाय असे स्थलांतर यशस्वी झाले, असे म्हणता येणार नाही.