कर्नल साइक्स यांची दख्खनची सस्तनसूची : शरीरलक्षणे आणि मराठी प्राणिनामे

लासुर्णे परिसरात नीरा डाव्या कालव्याने ऊस आणला. मात्र त्याच इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या माळावर चिंकारा, लांडगा आणि खोकड आजही आढळतात. या माळरानी प्राण्यांचे शास्त्रीय वर्गीकरण करण्याचा आरंभीचा महत्त्वाचा प्रयत्न म्हणजे विल्यम हेन्री साइक्स यांची दख्खनच्या सस्तन प्राण्यांची सूची होय. ती 1831 मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाली. तिचे मूल्यमापन बहुधा 'नव्या जाती किती' या एकाच निकषावर होते. तो निकष अपुरा आहे.

साइक्स यांचा भर रंग, शेपूट, पाय अशा बाह्य लक्षणांवर होता. फिक्या पायांवरून त्यांनी येथील लांडग्यास 'कॅनिस पॅलिपिस' म्हटले. आज तो स्वतंत्र जाती मानला जात नाही, तरी उपजातीच्या रूपाने ते नाव टिकून आहे. रानकुत्र्यास दिलेले 'कॅनिस दुखुनेन्सिस' मात्र टिकले नाही. पॅलास यांनी 1811 मध्येच त्या जातीचे नामकरण केले होते. शिवाय रानकुत्र्याच्या खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूस दोनच दाढा असतात, तर कुत्रा व लांडगा यांना तीन. हॉजसन यांनी 1838 मध्ये रानकुत्र्यासाठी वेगळी प्रजाती कल्पिली. तेव्हा शरीरलक्षण हा आधार चुकीचा नव्हता. कोणते लक्षण निर्णायक, हा खरा प्रश्न होता. रंगही अगदीच निरुपयोगी नाही. पुणे परिसरातील लांडगे व कुत्रे यांचा संकर 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने सिद्ध केला, पण संशयाचे पहिले कारण निराळ्या रंगाची जनावरे हेच होते.

सूचीचे दुर्लक्षित अंग म्हणजे तिच्यातील मराठी नावे. चिंकाऱ्यास साइक्स यांनी बेनेट या प्राणिशास्त्रज्ञाचे नाव दिले, आणि शेजारी स्थानिक नाव नोंदविले : काळशिपी, म्हणजे काळ्या शेपटीची. पळत्या कळपाकडे मागून पाहणाऱ्यास हेच लक्षण प्रथम दिसते. शास्त्रीय नावात व्यक्ती आली, लोकनामात शरीर राहिले! खोकडाचे नाव तर त्यांनी 'कॅनिस कोक्री' असे थेट लॅटिनमध्ये नेले. शॉ यांचे 1800 मधील नाव अग्रक्रमाने ग्राह्य ठरल्याने तेही मागे पडले.

तरीही साइक्स यांनी मराठी नावांकडे केवळ चिठ्ठ्या म्हणून पाहिले. त्या नावांमागे निरीक्षणाची एक पद्धत आहे, हे त्यांच्या विवेचनात येत नाही. ही उणीव गंभीर आहे. मात्र नंतरच्या मराठी लेखनाने तेवढेही जपले नाही. इसापकथांच्या भाषांतरांत खोकडाच्या जागी कोल्हा आला. चिंकारा, काळवीट आणि चितळ ही सारी 'हरणे' झाली. वस्तुतः चितळ नराची शिंगे गळतात व पुन्हा येतात, चिंकारा व काळवीट यांची कायम राहतात. चिंकाऱ्याच्या मादीसही शिंगे असतात, काळविटाच्या मादीस ती सहसा नसतात. प्राणिशास्त्राच्या क्षेत्रभेटीच्या नोंदवहीत लॅटिन नावाशेजारी धनगर-मेंढपाळांनी सांगितलेले नाव आणि त्यामागील लक्षण यांसाठी एक रकाना ठेवता येईल.