सत्राचा पुनःप्रारंभ : एका सोयीची चिकित्सा

सुरक्षित संपर्काच्या कोणत्याही व्यवस्थेची पारख दोन प्रश्नांनी करावी लागते. आजचे संभाषण आज कोणास ऐकता येते काय, हा पहिला. आणि आज टिपून ठेवलेले संभाषण उद्या कोणास उलगडता येईल काय, हा दुसरा. टीएलएस प्रणालीतील सत्राच्या पुनःप्रारंभाकडे बहुधा केवळ वेळेची बचत करणारी सोय म्हणून पाहिले जाते. वस्तुतः तिचे मर्म ह्या दुसऱ्या प्रश्नात आहे.

ग्राहक आणि सर्व्हर यांची पहिली भेट खर्चाची असते. प्रमाणपत्राची तपासणी, सार्वजनिक किल्लीचे गणित आणि संदेशांच्या फेऱ्या हे सारे तीत येते. पुढील भेटीत हा विधी टाळता यावा म्हणून सर्व्हर सत्राचे मूळ गुपित एका क्रमांकाखाली आपल्या स्मृतीत ठेवीत असे. परंतु असंख्य ग्राहकांची स्मृती बाळगणे आणि ती अनेक सर्व्हरांत वाटणे कठीण होते. त्यावर २००६ साली आरएफसी ४५०७ ह्या दस्तऐवजाने, आणि २००८ साली त्याची जागा घेणाऱ्या आरएफसी ५०७७ ने, एक चतुर तोड काढली. सर्व्हरने सत्राची स्थिती केवळ स्वतःस ठाऊक असलेल्या किल्लीने कुलूपबंद करावी आणि 'तिकीट' म्हणून ग्राहकाच्याच हवाली करावी. स्मृतीचे ओझे गेले. त्याच्या जागी एका किल्लीची जबाबदारी आली.

ही जबाबदारी किती मोठी आहे, हे आरएफसी ५०७७ वाचताना पुरेसे जाणवत नाही. तिकिटाची घडण तो तपशिलाने सुचवितो; किल्लीच्या व्यवस्थेचे पूर्ण विवेचन मात्र आपल्या कक्षेबाहेर ठेवतो. किल्ली यदृच्छेने निर्माण करावी, तिचे बळ किमान १२८ बिटांचे असावे, ती अन्य कामी वापरू नये व नियमितपणे बदलावी, असे तो सांगतो. 'नियमितपणे' म्हणजे किती काळाने, ह्याविषयी तो मौन पाळतो.

किल्लीची निगा हा ज्याच्या त्याच्या व्यवस्थेचा प्रश्न आहे, असे ह्या मौनाचे समर्थन करता येईल. ते पुरेसे नाही. टीएलएस १.२ मध्ये सत्राचे मूळ गुपित तिकिटाच्या पोटात असते, आणि संभाषण गूढ होण्यापूर्वीच ते तिकीट तारेवरून जाते. हे सर्व टिपून ठेवणाऱ्याच्या हाती पुढे केव्हाही तिकिटाची किल्ली लागली, तर मूळ सत्रही त्यास वाचता येते. सर्व्हरची कायम किल्ली फुटली तरी मागील संभाषण सुरक्षित राहावे, हा 'फॉरवर्ड सीक्रसी' नावाचा गुण डिफी-हेलमन पद्धतीने मिळविलेला असतो. तो अशा रीतीने तिकिटाची किल्ली नष्ट होईपर्यंत टांगणीलाच राहतो.

ही भीती काल्पनिक नाही. स्प्रिंगॉल, दुरुमेरिक व हाल्डरमन यांनी २०१६ साली तिकिटे, सर्व्हरची सत्रस्मृती व डिफी-हेलमन मूल्यांचा पुनर्वापर ह्या तिन्ही सवलतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. लोकप्रिय अशा दहा लक्ष संकेतस्थळांपैकी एचटीटीपीएस वापरणाऱ्या ३८ टक्के स्थळांचे संभाषण, सर्व्हर २४ तासांनंतर शत्रूच्या हाती गेला तरी, उलगडण्याजोगे होते. १० टक्क्यांच्या बाबतीत ही मुदत ३० दिवसांची होती. पुढे २०२० साली ग्नूटीएलएस ह्या ग्रंथालयाच्या काही आवृत्त्यांतील दोष उघडकीस आला. किल्लीचा पहिला बदल होईपर्यंत, चालकाने दिलेल्या गुप्त मूल्याशी तिकिटाची किल्ली जोडलीच जात नव्हती. गणित निर्दोष असूनही कुलूप उघडे होते.

२०१८ सालच्या आरएफसी ८४४६ ने, म्हणजे टीएलएस १.३ ने, ह्या रचनेत मूलगामी सुधारणा केली. पुनःप्रारंभाचे गुपित आता मूळ सत्रातून एकमार्गी गणिताने काढलेले असते. ते हाती लागले तरी मागे जाता येत नाही. तिकिटाची मुदत सात दिवसांहून अधिक असू शकत नाही. पुनःप्रारंभाच्या वेळी नवी डिफी-हेलमन देवघेव करण्याची वाटही ठेवली आहे. तथापि त्याच दस्तऐवजाने पहिल्याच संदेशाबरोबर मजकूर धाडण्याची मुभा दिली. त्या मजकुराचे रक्षण जुन्या गुपितावरच अवलंबून असते. शिवाय तो टिपून पुन्हा पाठविता येतो. हे दोन्ही धोके दस्तऐवज स्पष्टपणे मांडतो, ही त्याची प्रामाणिकता. परंतु कोणता मजकूर पुनरुक्त झाला तरी निरुपद्रवी ठरेल, हे ठरविण्याचा भार अखेर उपयोजनाच्या रचनाकारावरच येतो.

तात्पर्य, पुनःप्रारंभ त्याज्य नाही. तो विनामूल्यही नाही. नवी देवघेव केल्यावाचून सत्र पुढे न चालविणे, तिकिटाची किल्ली ठरावीक अल्प मुदतीने बदलून जुनी खरोखर नष्ट करणे, आणि ज्याने काही बदल घडतो असा मजकूर पहिल्या संदेशात न स्वीकारणे, एवढी पथ्ये तरी पाळलीच पाहिजेत. सर्व्हरला विसरण्याची सोय हवी होती. ती सुरक्षित ठरण्यासाठी त्याने किल्लीही वेळेवर विसरली पाहिजे.