उन्हाळ्यांतील रान आणि आमचें वाङ्मय

मराठींतील निसर्गविषयक लेखांचा एखादा संग्रह हातीं घेऊन त्यांतील लेख ऋतुवार लावून पाहिले, म्हणजे एक गोष्ट चटकन् ध्यानांत येते. वर्षा ऋतूच्या वांट्याला पानेंच्या पानें आलेलीं असतात; शरदाला चांदण्याच्या निमित्तानें बरेंच कांहीं मिळतें; वसंत हा परंपरेचा मानकरी म्हणून येतो व विडा घेऊन जातो. वैशाख-ज्येष्ठाची बोळवण मात्र रणरणतें ऊन, भाजलेली धरित्री आणि मेघाकडे लागलेले डोळे एवढ्यावर होते. उन्हाळा हा स्वतंत्र ऋतु नसून पावसाची वाट पाहण्याचा काळ आहे, असेंच जणूं आमच्या लेखकांनीं ठरविलें आहे. हें मत आम्हांला मान्य नाहीं. तें रूढ कसें झालें आणि त्यानें आमच्या भाषेचें काय नुकसान होत आहे, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

आम्ही राहतों तें अंबड गांव कोरड्या मुलखांतील आहे. मत्स्योदरी देवीच्या टेकडीवर चैत्रानंतर उभें राहावें, तर चहूंकडे करडीं शिवारें, मधून मधून बाभळी व निंब, आणि उन्हांत थरथरणारें क्षितिज दिसतें. वर्षाचा तिसरा हिस्सा आम्ही या दृश्यांत काढतों. ज्या वाङ्मयांत हा तिसरा हिस्सा नाहीं, तें वाङ्मय आमच्या पुरतें तरी अपुरें आहे. गंमत अशी कीं, येथून जवळच्या जांब गांवीं जन्मलेले समर्थ रामदास जेव्हां डोंगराचें वर्णन करावयास बसले, तेव्हां त्यांनाही शिवथर घळीचा धबधबाच आठवला. कोरड्या प्रदेशांतील माणसाला पाण्याचें अप्रूप असणें स्वाभाविक आहे. परंतु अप्रूप निराळें आणि ओळख निराळी.

पूर्वी असें नव्हतें. आमच्या तालुक्याच्या दक्षिणेकडून वाहणारी गोदावरी ज्या पैठणावरून येते, त्या पैठणच्या सातवाहन राजाच्या नांवावर असलेली ‘गाथासप्तशती’ उघडून पाहावी. माहाराष्ट्री प्राकृतांतील या सातशें गाथांत उन्हाळ्याला घाबरून कोणी डोळे मिटलेले नाहींत. एका गाथेंत दुपारच्या वेळीं वाटसरूला कोणी स्त्री सुचविते कीं, या उन्हाला भिऊन तुझी सावलीसुद्धां अंगाखालून बाहेर पडत नाहीं, मग तूंच कां विसावा घेत नाहींस? त्यांतील आमंत्रणाचा भाग रसिकांनीं ओळखावा. पण मध्यान्हीं सावली पायांखालीं गोळा होते हें त्या कवीनें आधीं पाहिलें आहे, मगच त्याला चातुर्य सुचलें आहे. दुसऱ्या एका गाथेंत गोदेच्या तीरावरील मोहाच्या झाडाला विनवणी आहे कीं, बाबा, फुलें सावकाश गाळ. मोहाचीं फुलें वेंचण्याच्या निमित्तानें रानांत जातां येतें. फुलें संपलीं कीं निमित्त संपलें. मोह फूल तोडूं देत नाहीं, आपण होऊन गाळतो, हें ज्याला ठाऊक नाहीं त्याला ही गाथा सुचणारच नाहीं. आणि पळसाच्या गळालेल्या फुलांची ती प्रसिद्ध गाथा! पोपटाच्या चोंचीसारख्या त्या फुलांनीं भूमि अशी शोभते कीं, जणूं बुद्धाच्या चरणीं भिक्षूंचे संघच दंडवत पडले आहेत. पळसाचा रंग अनेकांनीं पाहिला. झाडाखालची भूमि या एकट्यानें पाहिली.

संस्कृताकडे वळलें तरी तेंच. कालिदासाच्या नांवावर असलेलें ‘ऋतुसंहार’ हें काव्य वसंतानें सुरू होत नाहीं, ग्रीष्मानें सुरू होतें. वसंत शेवटीं येतो. त्या पहिल्या सर्गांत तापानें बेजार झालेला साप आपलें वैर विसरून मोराच्या सावलींत पडतो, आणि बेडूक त्याच सापाच्या फणेखालीं येऊन बसतो. यांत अतिशयोक्ति आहे हें कबूल. तथापि पाणी आटलें म्हणजे भक्ष्य व भक्षक एका जागीं येतात, हें उन्हाळी रानाचें मर्म त्या अतिशयोक्तींतही शाबूत राहिलें आहे.

मग ही दृष्टि हरवली कोठें? आमच्या मतें याचें एक कारण आम्ही शिकलेल्या लोकांनींच पुरविलें. ज्या इंग्रजी काव्यावर आमच्या तीन-चार पिढ्या वाढल्या, त्यांतील उन्हाळा म्हणजे सौम्य ऊन, हिरवळ आणि लांबलेली संध्याकाळ. शेक्सपिअरनें आपल्या प्रिय व्यक्तीला उन्हाळ्याच्या दिवसाची उपमा देऊं पाहिली; अंबडांत मे महिन्यांत ही उपमा कोणी दिली, तर पुढचा संवाद खुंटेल. दुसरें कारण थंड हवेचीं ठिकाणें. महाबळेश्वर-माथेरानच्या वर्णनांत उन्हाळा असतो खरा, पण तो ज्यापासून पळून आलों त्याच्या रूपानें असतो.

जॉन म्यूर या स्कॉटिश-अमेरिकन लेखकाचें उदाहरण येथें उपयोगी पडेल. १८६९ सालच्या उन्हाळ्यांत हा गृहस्थ कॅलिफोर्नियांतील सिएरा पर्वतांत मेंढ्यांच्या कळपाबरोबर गेला. त्या दिनचर्येचें पुस्तक १९११ सालीं निघालें. ज्या योसेमिटी प्रदेशाचें त्यांत वर्णन आहे, तें १८९० सालीं राष्ट्रीय उद्यान झालें होतें, आणि त्यासाठीं म्यूरनें पुष्कळ खटपट केली होती. पुस्तकांत भक्तीचे उमाळे फार येतात. आमच्या अभिरुचीला ते थोडे जड जातात. पण उमाळा येण्यापूर्वीं तो फुलाचें नांव सांगतो, पाकळ्या पाहतो, तें कोणत्या उंचीवर आढळलें याची नोंद करतो. बर्फ वितळलें कीं तेथील कुरणें फुलांनीं भरून जातात. आमच्या अनुकरणप्रिय लेखकांनीं नेमकें हेंच लक्षांत घेतलें नाहीं. त्यांनीं आमच्या डोंगरांत मे महिन्यांत कुरणांतील फुलें शोधलीं, तीं सांपडलीं नाहींत, आणि त्यांनीं ‘उजाड’ हा शब्द लिहून टाकला. अहो, आमचीं कुरणें भाद्रपदांत फुलतात; कासचें पठार पाहून या! उन्हाळ्यांत फूल जमिनीवरून उठून झाडावर जातें. झाडानें पाणी वांचविण्यासाठीं पानें टाकलेलीं असतात, त्यामुळें तें फूल पांखरांना लांबून दिसतें. काटेसावर, पळस व पांगारा माघ-फाल्गुनांत; मागून मोह; आणि ऊन अगदीं टिपेला पोंचलें म्हणजे बहाव्याचे पिवळे घोंस व कुड्याची पांढरी फूल. हा क्रम ज्याला माहीत आहे, त्याला उन्हाळा उजाड दिसणें शक्य नाहीं.

गेल्या वैशाखांत आम्ही मेळघाटांत आठ दिवस काढले, ते हीच गोष्ट पडताळून पाहण्यासाठीं. सातपुड्याच्या गाविलगड रांगांतील हें रान १९७३ सालीं व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हां निवडलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकीं एक; गुगामल राष्ट्रीय उद्यान हा त्याचा गाभा. (‘उद्यान’ हा शब्द आम्हांला कधींच रुचला नाहीं. उद्यानाला माळी लागतो. येथें माळी नाहीं, हाच तर या जागेचा मोठेपणा.) सागाचीं पानें पायांखालीं पापडासारखीं मोडत होतीं. उतारावर कांडोळाचीं झाडें पांढऱ्या सालीनिशीं निष्पर्ण उभीं होतीं. चांदण्यांत त्यांना पाहून माणूस दचकतो. पण कुसुंबाला पालवी होती, आंजनाची सावली होती, आणि कोरड्या ओढ्याच्या कांठीं कुडा असा फुलला होता कीं, दुपारच्या झळेंतही त्याचा वास तरंगत होता. बुद्धपौर्णिमेच्या रात्रीं पाणवठ्यावरील मचाणावर बसून जनावरें मोजण्याचा जुना प्रघात आहे. वाघांची मोजदाद आतां छायाचित्रयंत्रांनीं होते. ही रात्र मुख्यतः रान ऐकण्यासाठीं उरली आहे. आम्हांला वाघ दिसला नाहीं. एक सांबर आलें, तें पाण्यापाशीं यावयास पाऊण तास थबकत होतें. मागाहून अस्वल आलें व कोणाचीही पर्वा न करतां पाणी पिऊन गेलें. त्या पाऊण तासांत ‘ऋतुसंहारां’तील साप व बेडूक आम्हांला प्रथमच खरे वाटले.

याच सातपुड्यांतील रानपिंगळ्याची हकीकत तर आमच्या मुद्द्याचा पुरावाच आहे. हें छोटें घुबड नामशेष झालें असें पक्षिशास्त्रज्ञ मानीत होते. ११३ वर्षांनंतर १९९७ सालीं तें नंदुरबारकडील सातपुड्यांत पुन्हां आढळलें, व पुढें मेळघाटांतही सांपडलें. ज्या विरळ, कोरड्या, पानझडी रानाला आम्ही उजाड म्हणून हिणवतों, तेंच त्याचें घर आहे.

आतां आमच्या लेखकांकडे वळूं. दुर्गा भागवतांच्या १९५६ सालच्या ‘ऋतुचक्रा’पासून या विषयाला मराठींत नवें वळण लागलें, याविषयीं दुमत नसावें. बारा महिन्यांना सारखा मान देण्याचा न्याय त्या पुस्तकांत आहे, आणि फुलाइतकीच कळीला, कोंवळ्या पानाला व वठलेल्या फांदीला किंमत आहे. रंगांच्या छटा पाहण्याचें असें शिक्षण मराठी वाचकाला पूर्वीं मिळालेलें नव्हतें. आमची तक्रार एवढीच कीं, त्या जगाचें नायकपद झाडाला आहे. पाणवठ्यावर थबकणारें सांबर तेथें फारसें भेटत नाहीं. तें व्यंकटेश माडगूळकरांपाशीं भेटतें. ‘नागझिरा’ व ‘सत्तांतर’ या पुस्तकांत जनावराला माणसाचे कपडे न चढवितां पाहण्याचा संयम आहे. वानरांच्या टोळीची सत्ता बदलतांना जी क्रूरता घडते, ती त्यांनीं हळहळ न लावतां सांगितली. बोधकथेचा मोह टाळला. मात्र झाडांपेक्षां हालचालीकडे त्यांचें लक्ष अधिक. वनस्पति त्यांच्या लेखनांत बहुधा पार्श्वभूमि म्हणून येते.

दोन्हींचा मेळ मारुती चितमपल्लींनीं घातला. २०२५ सालच्या जूनमध्यें ते गेले. वनखात्यांतील दीर्घ नोकरींत नवेगांव, नागझिरा, मेळघाट अशा रानांत राहून त्यांनीं जें मिळविलें, त्यांत आमच्या मतें सर्वांत मोलाचा ठेवा नांवांचा आहे. आदिवासी वाटाड्यांकडून, कोळ्यांकडून, पारध्यांकडून ऐकलेला शब्द त्यांनीं ‘पक्षिकोशां’त आणि लेखांत जपून ठेवला. त्यांच्यावरही दोन आक्षेप घ्यावेसे वाटतात. स्वतः पाहिलेलें आणि दुसऱ्याकडून ऐकलेलें यांना त्यांच्या लेखनांत पुष्कळदां एकाच पंक्तीला बसविलें जातें. लोकसमजूत कोठें संपली व निरीक्षण कोठें सुरू झालें हें वाचकाला कळत नाहीं. दुसरा आक्षेप त्यांनीं घडविलेल्या ‘सारंगागार’, ‘काकागार’ अशा शब्दांविषयीं. शब्द डौलदार आहेत, यांत शंका नाहीं. पण ज्यांनीं रानांतला शब्द मिळविण्यासाठीं एवढे कष्ट घेतले, त्यांनीं शब्द घडवितांना संस्कृताकडे कां जावें? गांवकरी त्या जागेला कांहींतरी म्हणतच असतील.

ना. धों. महानोरांचें नांवही येथें घेतलें पाहिजे. अजिंठ्याच्या डोंगराखालील त्यांचें गांव पळसखेडे. गांवाच्या नांवांतच उन्हाळ्याचें फूल. ‘रानांतल्या कवितां’नीं मराठवाड्याची बोली कवितेंत प्रतिष्ठित केली. तरीही वाचकांच्या ओठीं राहिलीं तीं त्यांचीं पावसाळी गाणींच. दोष कवीचा म्हणावा कीं निवड करणाऱ्या आम्हां लोकांचा?

हा प्रश्न आम्हांला सहज सुचला नाहीं. मेळघाटांतून परतल्यावर आम्हीं वर्गाला ‘डोंगरांतील उन्हाळा’ हा विषय निबंधासाठीं दिला. एका निबंधांत वाक्य आढळलें कीं, वाटेवर अनेक अनामिक रानफुलें फुललीं होतीं. मुलगा मेंढ्या राखणाऱ्या घरांतला. दर उन्हाळ्यांत कळपामागें अजिंठ्याच्या डोंगरांकडे जाणारा. आम्हीं त्याला बोलावून विचारलें, “अनामिक म्हणजे रे काय? तुला एकाचेंही नांव येत नाहीं?” तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग त्यानें बोटें मोडीत अकरा नांवें सांगितलीं. धायटी, गणेर, कुडा, बहावा, भोकर... मेढशिंगी म्हणतांना त्यानें दोन बोटें वांकवून दाखविलीं: तिची शेंग मेंढ्याच्या शिंगासारखी वळलेली असते, म्हणून तें नांव; आणि फूल पांढरें, रात्रीं उमलणारें. “मग हें लिहिलें कां नाहींस?” “सर, ही नावं पुस्तकात नसतेत.”

आम्ही पुस्तकांना दोष देण्याच्या बेतांत होतों. तेवढ्यांत त्यानें पिशवींतून मागल्या सत्राची वही काढून पुढें ठेवली. बोलला कांहीं नाहीं. तींत ‘मेढशिंगी’ हा शब्द होता. त्याखालीं लाल शाईची रेघ होती, आणि समासांत ‘ग्राम्य शब्द टाळावा’ असा शेरा. अक्षर आमचें होतें.

निबंध त्यानें पुन्हां लिहून आणला आहे. त्यांत शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ आहेत, त्या आम्हीं दुरुस्त केल्या. नांवांना हात लावला नाहीं. मेढशिंगीचें झाड आम्हीं अद्याप पाहिलेलें नाहीं. येत्या वैशाखांत तो दाखविणार आहे. मात्र फुलें सकाळीं गळून जातात, तेव्हां पहाटे चारला निघावें लागेल, आणि वाट पायींच चालावी लागेल, अशी त्याची अट आहे.