महजरातला आवाज कोणाचा?

महजर म्हटले की आपण तो इतिहास संशोधकांच्या हवाली करून मोकळे होतो. वि. का. राजवाड्यांनी १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापली आणि असे कितीतरी कागद वाचकांपुढे आले. पण गद्य म्हणून ते वाचायचे राहून गेले.

महजर म्हणजे गावसभेचा किंवा गोतसभेचा निवाडा. सुरुवातीला हजर असलेल्यांची यादी, मग वादी-प्रतिवादींच्या तकरिरी, साक्षी आणि शेवटी निर्णय. वाद बहुधा पाटीलकीचा, वतनाचा, शिवेचा. साक्ष पुरेना तर उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढण्याचे रवादिव्य. जिंकणाऱ्याने हरकी द्यायची, हरणाऱ्याने गुन्हेगारी. म्हणजे दोघांकडूनही सरकारात भरणा!

या कागदाची खरी गंमत त्याच्या शेवटी आहे. लिहिता न येणारा पाटील सहीच्या जागी नांगर काढतो, बलुतेदार आपापल्या धंद्याचे हत्यार. आडनावाआधी काम बोलते. पण त्या नांगराच्या वरचा मजकूर लिहिणारा हात मात्र लिहित्या माणसाचा, गावात बहुधा कुलकर्ण्याचा. शिवेच्या वादात महाराची साक्ष मोलाची मानत, तरी ती आपल्यापर्यंत येते ती त्याच लेखणीतून. बायकांचा आवाज तर क्वचितच येतो.

त्रिं. ना. आत्रे यांनी ‘गाव-गाडा’त (१९१५) वतनदारांचा जाच कुणब्याच्या बाजूने मांडला. महसूल खात्यात राहून त्यांनी हे लिहिले, ही मोठी गोष्ट. त्यांच्या पुस्तकाशेजारी महजर ठेवला की दोन्ही पुरे पडत नाहीत. आत्रे व्यवस्थेचे ओझे दाखवतात. महजर त्याच ओझ्याखालचा माणूस भर सभेत बोलताना दाखवतो, उसन्या शब्दांत का होईना.

नाशकातल्या इंदिरानगरात वडाळा आणि पाथर्डी ही गावे आता मुख्यतः रस्त्याच्या नावात भेटतात. जिल्ह्यातल्या खेड्यांत १९६७च्या कायद्याने नेमलेला पोलीस पाटील आहे, वंशपरंपरा गेली. पंचनामा मात्र राहिला. आजही बघणारा एक, लिहिणारा दुसरा आणि खाली सही तिसऱ्याची. म्हणून महजर वाचताना निवाडा कोणाच्या बाजूने लागला एवढेच पाहून भागत नाही. नांगर काढणाऱ्याला वरचा मजकूर वाचून दाखवला होता का, हेही विचारावे लागते.