सागरसहलीचे वाङ्मय

गेल्या पावसाळ्यात इंदूरच्या एका स्नेह्यांच्या बैठकीत आम्हांस एक पुस्तिका पाहावयास मिळाली. सियाटल बंदरातून निघून, अलास्काच्या हिमनद्यांचे दर्शन घडवून, सातव्या दिवशी पुन्हा सियाटललाच आणून सोडणाऱ्या एका क्रूझची ती पुस्तिका. कागद असा गुळगुळीत की धरताना बोटाचा ठसा उमटावा. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मुलाने तेथल्याच एका ट्रॅव्हल एजंटाकडून आईवडिलांसाठी ही सहल ठरविली होती आणि पुस्तिका हौसेने इकडे धाडली होती. स्नेह्यांनी ती आमच्या हाती दिली ती सहलीचे वर्णन करण्यासाठी नव्हे; कारण सहल घडलीच नाही. सियाटलच्या धक्क्यावर, सामानाला चिठ्ठ्या लागून ते आत गेल्यानंतर, उभयतांना जहाजावर चढण्यास मनाई करण्यात आली. तिचे कारण पुढे येईलच. आम्ही प्रथम पुस्तिकेकडे वळतो, कारण ती एक वाङ्मयकृती आहे आणि तिला आजवर टीकाकार लाभलेला नाही.

जाहिरातीच्या लिखाणाकडे समीक्षकाने ढुंकूनही पाहू नये, असा एक शिष्टसंमत संकेत आपल्याकडे रूढ आहे. तो आम्हांस मान्य नाही. एखादी कादंबरी फसली तर वाचकाची एक संध्याकाळ वाया जाते. असली पुस्तिका फसवते तेव्हा निवृत्त शिक्षकाच्या भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम जाते, आणि वर 'तुम्ही नीट वाचले नाहीत' हा ठपकाही त्याच्याच माथी येतो. ज्या लेखनाचे परिणाम एवढे ठोस आहेत त्याची भाषा तपासण्यास कोणाची हरकत असावी?

ह्या भाषेचा पहिला विशेष म्हणजे तिचे व्याकरण. वाक्ये सारी द्वितीय पुरुषी आणि वर्तमानकाळी. 'तुम्ही' सज्जावर उभे आहात, 'तुम्ही' निळ्या बर्फाचा कडा कोसळताना पाहत आहात. 'कदाचित', 'हवामान अनुकूल असल्यास' हे शब्द मुख्य मजकुरात सापडत नाहीत. त्यांची रवानगी शेवटच्या पानावर मुंगीच्या अक्षरांत झालेली आहे. अलास्काच्या आग्नेय किनाऱ्यावर पाऊस ही नित्याची बाब असता छत्री घेतलेला एकही मनुष्य चित्रांतून दिसत नाही. दुसरा विशेष असा की ह्या वाक्यांतील क्रियांना कर्ता नसतो. न्याहारी 'येते', बिछाना 'सजलेला असतो', पेला 'रिकामा राहत नाही'. हे सारे कोण करतो? गोव्याच्या वाचकांस हे मौन विशेष जाणवेल. सासष्टी-बार्देशातील कितीतरी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या तारवटी निघाले, मुंबईच्या धोबीतलावावरील आपापल्या गावच्या कुडांत बोट मिळेपर्यंत पथारी पसरून राहिले आणि इंग्रजी कंपन्यांच्या जहाजांवर ताटे वाढीत जग फिरून आले. आजही त्या घरांतली मुले क्रूझवर नोकरीस जातात. ती हाडामांसाची माणसे पुस्तिकेच्या वाक्यरचनेतून निखालस गाळली गेली आहेत.

ज्यांनी सागरसहलींवर खरोखर वाचनीय असे लिहिले, त्यांच्या बाबतीत एक चमत्कारिक योगायोग आमच्या ध्यानी आला. थॅकरे ह्याने 1844 साली पी. अँड ओ. कंपनीच्या जहाजांतून भूमध्य समुद्राची सफर केली आणि कॉर्नहिल ते कैरो ह्या प्रवासाचे पुस्तक 1846 साली प्रसिद्ध केले. त्याला प्रवास फुकट मिळाला होता, आणि पुस्तक त्याने कंपनीच्याच एका कप्तानास अर्पण केले आहे. मार्क ट्वेन 1867 साली 'क्वेकर सिटी' जहाजावरून युरोप व पॅलेस्टाइनकडे गेला. त्याचे 1250 डॉलरांचे भाडे सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वृत्तपत्राने भरले. डेव्हिड फॉस्टर वॉलेस हा 1995 साली कॅरिबियन समुद्रात सात रात्री फिरून आला तो 'हार्पर्स' मासिकाच्या खर्चाने. तिघेही मोठे निरीक्षक, तिघेही खट्याळ. पण तिकिटासाठी तिघांपैकी एकालाही स्वतःच्या खिशात हात घालावा लागला नाही! खलाशांच्या चेहऱ्यापासून सूपाच्या चवीपर्यंत सर्व काही त्यांच्या लेखनात येते; परंतु एजंटाच्या टेबलासमोर बसून, 'अनामत परत मिळते ना हो?' असे विचारणारा मनुष्य येत नाही.

ट्वेनचे मात्र आम्ही ऋणी आहोत. आपल्या 1869 च्या पुस्तकाच्या आरंभीच त्याने सहलीचे मूळ माहितीपत्रक छापले आणि त्याच्या शेजारी प्रत्यक्ष प्रवास मांडून ठेवला. हेन्री वॉर्ड बीचर हा नामांकित धर्मोपदेशक आणि जनरल शर्मन हे बरोबर येणार असा बोलबाला झाला होता. दोघेही आले नाहीत. टीकेची ह्याहून सोपी आणि परिणामकारक रीत आम्हांस ठाऊक नाही. वॉलेसने तीच पुढे नेली. त्याच्या कंपनीच्या पुस्तिकेत फ्रँक कॉनरॉय ह्या प्रतिष्ठित लेखकाचा एक सुंदर निबंध होता. तो कंपनीने मोबदला देऊन लिहवून घेतलेला होता, पण जाहिरात म्हणून छापलेला नव्हता. वॉलेसचा राग जाहिरातीवर नाही, जाहिरातीने ललितनिबंधाचे सोंग घेण्यावर आहे. हे त्याचे म्हणणे आम्हांस पूर्णपणे पटते.

पण वॉलेससुद्धा ज्या दस्तऐवजापाशी रेंगाळला नाही तो म्हणजे तिकिटाचा करारनामा. पुस्तिकेचा आणि तिकिटाचा लेखक एकच, कंपनी. परंतु ह्या दोन शैलींत जमीनअस्मानाचे अंतर. पुस्तिकेतला 'तुम्ही' येथे 'प्रवासी' होतो. वर्तमानकाळ जातो आणि 'कंपनी जबाबदार राहणार नाही' असा भविष्यकाळ सुरू होतो. वाटेतले बंदर वगळण्याचा हक्क कंपनीचा. पासपोर्ट, व्हिसा आणि इतर कागदपत्रे पुरी असण्याची जबाबदारी प्रवाशाची. अमेरिकी किनाऱ्याला न शिवणाऱ्या सफरींसाठी कित्येक अमेरिकी करारांतून 1974 च्या अथेन्स कराराचा हवाला देऊन, अपघाती मृत्यूचीसुद्धा भरपाई 46,666 विशेष आहरण अधिकारांपुरती मर्यादित केलेली असते. येथे विशेषण एकही नाही आणि संख्या मात्र अचूक. गद्य म्हणून पाहिल्यास हेच अधिक प्रामाणिक लेखन होय. फक्त ते पैसे भरल्यानंतर हाती येते.

ह्या गद्याचा एक टीकाकार होऊन गेला आणि तो साहित्यिक नव्हता. 1986 साली वॉशिंग्टन राज्यातील शूट दाम्पत्याने आपल्या गावच्या एजंटामार्फत कार्निव्हल कंपनीच्या क्रूझचे तिकीट काढले. पैसे मायामीस गेले, तिकिटे तेथून आली. मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळ श्रीमती शूट जहाजावर घसरून पडल्या. त्यांनी आपल्याच राज्यात दावा लावला तेव्हा कंपनीने तिकिटावरील कलम दाखविले: भांडावयाचे असेल तर फ्लोरिडात या. 1991 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ते कलम ग्राह्य धरले. दावा ठरलेल्या एकाच जागी चालला तर कंपनीचा खर्च वाचतो आणि त्याचा लाभ भाड्यात प्रवाशांसही मिळतो, असे बहुमताचे एक कारण होते. आणि कलमाची आपणांस कल्पना होती हे शूट पक्षानेही नाकारले नव्हते, हे न्यायाच्या दृष्टीने सांगितले पाहिजे. परंतु न्यायमूर्ती स्टीव्हन्स ह्यांनी विरोधी निकालपत्रास तिकिटाची नक्कलच जोडली, आणि तीही मूळच्या टाइपाच्या आकारात. पंचवीस कलमांतले ते आठवे. ज्याला हवे त्याने डोळे ताणून शोधावे! मूळ संहिता जशीच्या तशी वाचकापुढे ठेवणे, हे टीकाकाराचे पहिले कर्तव्य एका न्यायाधीशाने इतक्या नेमकेपणाने बजावावे ह्याचे आम्हांस अप्रूप वाटते.

शूट दाम्पत्याचा एजंट निदान गावातला होता. एजंट परदेशातला असला म्हणजे दोन लेखकांच्या जोडीला दोन देशांचे कायदे येतात. इंग्लंडातले पुष्कळ लोक अमेरिकेतल्या एजंटाकडून क्रूझ घेत असत. तेथे भाडे कमी पडे, अनामत पुष्कळदा शेवटच्या हप्त्यापर्यंत परत मिळे, शिवाय एजंट आपल्या दलालीतला वाटा गिऱ्हाइकास देई. पुढे काही मोठ्या कंपन्यांनी असली परप्रांतीय विक्री बंद पाडली. स्वस्ताईच्या ह्या हिशेबात एक रकमेची नोंद राहून जाई. युरोपीय समुदायाच्या 1990 च्या निदेशानुसार इंग्लंडात 1992 साली जे नियम झाले त्यांनी सहलीच्या पुस्तिकेतील तपशील विक्रेत्यावर बंधनकारक केला. म्हणजे पुस्तिका ही ललितकृती न राहता वचनचिठ्ठी झाली. अमेरिकी एजंटाकडे जाणारा इंग्रज हे वचन मागे टाकून जात असे. कॅलिफोर्नियात सहलविक्रेत्यांकडून फसलेल्या गिऱ्हाइकांसाठी एक भरपाईनिधी आहे. पण पैसे भरताना गिऱ्हाईक कॅलिफोर्नियातच असावे लागते. इंदुरात वा मडगावात बसून पैसे धाडणाऱ्याला तो दरवाजा बंद.

आता सियाटलच्या धक्क्यावर परत येऊ. अमेरिकेचा 1886 सालचा एक कायदा असा की परदेशी ध्वजाच्या जहाजाने एका अमेरिकी बंदरातून दुसऱ्या अमेरिकी बंदरात प्रवासी नेऊ नयेत; गोल फेरी करावयाची तर वाटेत एखादे परदेशी बंदर गाठलेच पाहिजे. मोठी क्रूझ जहाजे बहुतेक बहामा, पनामा अशा देशांच्या ध्वजाखाली चालतात. म्हणून सियाटलहून अलास्कास जाणारे जहाज बहुधा परतीच्या वाटेवर काही तास कॅनडाच्या व्हिक्टोरिया बंदरात थांबते. (2021 साली कॅनडाने बंदरे बंद ठेवली तेव्हा त्या हंगामापुरता अमेरिकी काँग्रेसला खास कायदा करावा लागला, इतकी ही अट कडक.) आमच्या पुस्तिकेत व्हिक्टोरिया म्हणजे फुलांच्या परड्या टांगलेले दिव्याचे खांब आणि एक संध्याकाळ. हे बंदर यात्रेकरूंच्या प्रेमापोटी नसून एकशेचाळीस वर्षांच्या एका कायद्यापोटी आहे, हे पुस्तिका सांगत नाही. अमेरिकी नागरिकाला ते कळण्याची गरजही नाही. भारतीय पासपोर्टवाल्यास मात्र त्या चार तासांसाठी कॅनडाचा व्हिसा लागतो, मग तो जहाजावरून खाली उतरो वा न उतरो.

न्यू जर्सीच्या एजंटाने हे विचारले नाही. त्याची गिऱ्हाइके त्या देशातली. त्याच्या फॉर्मवर नागरिकत्वाचा रकाना होता, पण तो मुलाने आपल्या स्वतःच्या हिशेबाने भरला. एजंटाने बोट तिकिटावरील कलमाकडे दाखविले. मुलाने एजंटाकडे दाखविले. आमच्या स्नेह्यांनी कोणाकडेही दाखविले नाही. आपण पुस्तिका तीनदा वाचली आणि करारनामा एकदाही वाचला नाही, एवढेच ते म्हणाले. पैसे परत मिळाले नाहीत. आम्ही एजंटास दोषमुक्त करीत नाही. जो मनुष्य दोन भाषांमध्ये उभा राहून दलाली घेतो त्याने दुभाष्याचे कामही केले पाहिजे. पुस्तिकेतले 'व्हिक्टोरिया' म्हणजे करारातले 'कागदपत्रे', हा अनुवाद त्याचाच होता. आणि स्नेह्यांच्या कबुलीत जी सोशिकता आहे ती आम्हांस मुळीच रुचत नाही. दोन पुस्तकांपैकी एक मोठ्या टाइपात आणि दुसरे न दिसेल अशा टाइपात छापणाराच येथे पहिला दोषी आहे.

निघताना आम्ही तो करारनामा वाचावयास मागितला. मुलाने तो ईमेलने धाडला होता. स्नेह्यांच्या सूनबाईंनी छापून दिला तेव्हा बारीक अक्षरांची वीस-बावीस पाने झाली. कागदपत्रांचे कलम सहाव्या पानावर सापडले. काकू चष्मा पुसून ते स्वतःच मोठ्याने वाचू लागल्या, आणि दुसऱ्याच ओळीवर थांबून त्यांनी विचारले, "ह्यातला 'कॅरिअर' म्हणजे कोण? जहाज की एजंट?"