नवस कुणाला फेडायचा?

इस्लाममध्ये नवसाला 'नज्र' म्हणतात. त्याबद्दल दोन मतं नेहमी कानावर येतात. एक म्हणजे, नवस हे श्रद्धेचं लक्षण. दुसरं, नवस ही देवाला दिलेली लाच. माझ्या मते दोन्ही अपुरी आहेत.

आता ग्रंथ काय म्हणतात बघा. कुराणाच्या ७६व्या अध्यायात नवस पुरे करणाऱ्यांची गणना सज्जनांत केली आहे. उलट बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत पैगंबर नवस बोलण्यापासून लोकांना परावृत्त करतात. का? तर नवसानं विधिलिखित बदलत नाही. कंजुषाच्या हातून चार पैसे सुटतात, इतकंच. म्हणजे बोलू नका, पण बोललात तर फेडा. हा अंतर्विरोध नव्हे काय?

मला तसं वाटत नाही. 'पोरगा बरा झाला तर गरिबांना जेवू घालीन', यातला 'तर' हा सौदा आहे. हदीस बोट ठेवते ती त्या 'तर'वर. 'जेवू घालीन' हा मात्र दिलेला शब्द आहे. सौदा चुकीचा होता म्हणून शब्द मोडायचा, ही पळवाट इथं नाही.

मग कसलाही शब्द पाळायचा का? तेही नाही. बुखारीतच अबू इस्राईल नावाच्या माणसाची हकीकत आहे. उन्हात उभा राहीन, बसणार नाही, सावलीत जाणार नाही, बोलणार नाही आणि रोजा धरीन, असा त्याचा नवस. पैगंबरांनी सांगितलं की त्यानं बोलावं, बसावं, सावलीत यावं आणि रोजा तेवढा पुरा करावा. एकाच नवसाचे दोन भाग केले. देहदंड बाजूला काढला, उपासना ठेवली.

आता तत्त्वज्ञानातला खरा पेच. मी तुम्हाला वचन दिलं तर तुम्ही मला त्यातून मोकळं करू शकता. ईश्वराला दिलेल्या वचनातून कोण मोकळं करणार? आणि जो निरपेक्ष आहे, त्याचं तुम्ही देणं ते काय लागणार? याचं उत्तर मला कफ्फाऱ्यात, म्हणजे प्रायश्चित्तात दिसतं. तपशिलात फकिहांचे मतभेद आहेत. पण मुस्लिमच्या हदीसप्रमाणे नवसाचं प्रायश्चित्त शपथेचंच. ते कुराणाच्या पाचव्या अध्यायात आहे: १० गरिबांना आपल्या घरी जेवतो तसं जेवण, किंवा कपडे, किंवा गुलामाची मुक्तता. यातलं काहीच जमत नसेल, तरच ३ रोजे.

हा 'तरच' महत्त्वाचा. ऐपत असून ३ रोज्यांवर भागवणारे लोक असतात. त्यांना वाटतं, देवाचं आणि आपलं मिटलं. पण ते १० गरीब जेवायचे राहिले, त्याचं काय? ईश्वराला दिलेला शब्द मोडला, तर वसुली गरिबाच्या ताटात व्हावी, अशी ही योजना आहे. नवसाला लाच म्हणणाऱ्यांच्या आणि श्रद्धा म्हणणाऱ्यांच्याही नजरेतून निसटतं ते हेच ताट.