बुजऱ्या पात्राचा आवाज

महाविद्यालयीन एकांकिकांमध्ये बुजरं पात्र सतत भेटतं: खेड्यातून शहरात आलेला मुलगा, वर्गात कधीच हात वर न करणारी मुलगी. १९६३ पासूनच्या पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धांमुळे विशीतल्या लेखकांना मंच मिळाला आणि ते स्वतःच्या जवळचं दुखणं लिहू लागले, हे मोलाचंच आहे. पण हे दुखणं ऐकवायची वेळ आली की बहुतेक संहिता ठरलेल्या दोन वाटांनी जातात.

पहिली वाट ध्वनिमुद्रित स्वगताची. पात्र गप्प उभं राहतं आणि स्पीकरमधून त्याचं मन अस्खलित, घोटीव मराठीत बोलू लागतं. इतकं नेमकं बोलता येणाऱ्याची अडचण मग प्रेक्षकाला जाणवेनाशी होते. दुसरी वाट हृदयाच्या ठोक्यांची. ठोक्यांवरून मुलगा घाबरलाय एवढं कळतं. तो कुणाला घाबरलाय, हे कळत नाही.

खरं तर माणूस बुजतो तो समोरच्यांमुळे. म्हणून त्याचं बुजणं भोवतालच्या आवाजांतून ऐकू यायला हवं. विजय तेंडुलकरांनी १९६७ च्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकात हे करून दाखवलं. सुरुवातीला मोकळेपणी बोलणारी, हसणारी बेणारे खेळ म्हणून मांडलेल्या खटल्यात, इतरांच्या साक्षींच्या गलबल्यात हळूहळू मुकी होते. शेवटी तिला बोलायला दहा सेकंद मिळतात. ती मनातलं सगळं बोलते तेव्हा बाकीची पात्रं गोठलेली असतात. ऐकणारं कुणीच नसतं. माणसाचा आत्मविश्वास कसा मोडला जातो, हे इथे कानांना कळतं.

चित्रपटांतही हे सापडतं. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तला जब्या त्याला आवडणाऱ्या शालूशी बोलू शकत नाही. त्याचं आकसणं आपल्यापर्यंत पोचतं ते गावकऱ्यांच्या हसण्यातून, हाकांतून. जातीमुळे वाट्याला आलेलं डुक्कर पकडण्याचं काम करताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि त्याला जागीच ताठ उभं राहावं लागतं, त्या क्षणी तर एका मुलाची लाज आणि अख्खी समाजरचना एकाच आवाजात येते. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’त कोकणातला पाऊस हेच काम करतो. किल्ल्यात एकटा मागे राहिलेला चिन्मय त्या पावसापुढे आणखी लहान होतो.

नव्या लेखकांनी नभोनाट्याकडेही वळावं. तिथे गप्प बसलेलं पात्र श्रोत्याच्या लेखी नाहीसंच होतं; म्हणून लेखकाला त्याच्यासाठी खुर्चीची कुरकुर, अर्ध्यावर तुटलेलं वाक्य, कपाचा बशीवरचा किणकिणाट लिहावाच लागतो.

मंचासाठी लिहितानाही हीच सक्ती हवी. आज ध्वनीचा विचार होतो तो तालमीच्या शेवटच्या आठवड्यात, संगीत संयोजकाच्या भरवशावर. तो पहिल्या खर्ड्यात, रंगसूचनांमध्ये व्हायला हवा. मुलाच्या बोलण्यावर कोण बोलतं, कोणतं हसू त्याच्या कानात राहतं, कुठल्या शब्दावर त्याचा आवाज बसतो, हे लेखकानेच ठरवायचं असतं. हे तरुण जे सोसून मंचापर्यंत आले आहेत, त्याला उसन्या ठोक्यांपेक्षा इतकी मेहनत नक्कीच शोभेल.